दिवसाचा रुपया

बुद्धपौर्णिमेच्या दुपारी अमृतने खिरीचा डबा हसून हातात घेतला, पण रुपया घेतला नाही.

"राहू द्या ताई तो," तो म्हणाला. "आत या, बसा. ऊन लय आहे."

रेणुकाला आधी वाटलं, हा संकोच करतोय. तिने नाणं पुन्हा पुढे केलं. तिकोणा पेठ गावाच्या वरच्या अंगाला बौद्धवस्ती आहे. तिथला विहार ज्या तीन गुंठ्यांवर उभा आहे, ती जागा अमृतच्या घरची. एकोणीसशे सत्तावन सालापासून वस्ती त्या जागेचं भाडं देते, वर्षाला एक रुपया. ठरवला तो रेणुकाच्या आजोबांनी, बाजीरावांनी. त्यांच्यामागे तो नेऊन द्यायचं काम तिच्या वडिलांनी, भिमाजींनी केलं. भिमाजी गेल्या माघात वारले. भाऊ नव्हता, म्हणून यंदा रेणुका लोणावळ्याहून खास रजा काढून आली होती. तिथल्या एका दवाखान्यात ती वीस वर्षं नर्स होती.

"माझ्याकडून घेत नाहीस का?" तिने विचारलं.

"तसं नाही. गेली तीन वर्षं काकांकडून मीच घेत होतो ना. पण आता जरा वेगळं झालंय." अमृतने डबा आत बायकोकडे, प्रेरणाकडे दिला आणि ओट्यावर रेणुकाच्या समोर बसला. पस्तिशीचा गडी, धरणाच्या काठाला त्याचे तंबू होते, शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची पोरं राहायला यायची. "पुण्याची एक पार्टी आलीय. विहाराच्या मागची आमची सगळी जागा घ्यायला तयार आहेत. पण रस्त्याला तोंड तुमच्याच तीन गुंठ्यांचं. मी तुम्हाला ओढ्यापलीकडे पाच गुंठे देतो. विहारही बांधून देतो, आत्ताच्यापेक्षा चांगला. कोणाला वाऱ्यावर सोडत नाही मी."

"आणि रुपया?"

"वकील म्हणतो, यंदा रुपया घेतला तर जुना करार पुढे चालू ठेवल्यासारखं होईल." तो थोडा ओशाळला. "आणि खरं सांगा ताई, रुपयाला आता काय अर्थ राहिलाय? माझ्या कॅम्पवर पाण्याची बाटली वीसला जाते."

नाणं मुठीत धरून रेणुका चढ चढून विहाराकडे गेली. पंचशील ध्वज लावलेला होता, बायका खिरीची पातेली घासत होत्या. बाजूच्या खोलीत वस्तीतल्या मुलींचं वाचनालय होतं. खोलीला लागून वडिलांनी लावलेला पिंपळ. अमृत वाईट बोलला नव्हता, उलट आहे त्यापेक्षा जास्त देतो म्हणाला होता. तरी तिच्या मनात काहीतरी खुपत राहिलं, आणि ते काय आहे हे तिला नेमकं सांगता येईना.

लोणावळ्याला परतल्यावर संध्याकाळी तिने फोनवरून अमृतच्या नंबरवर एक रुपया पाठवला. दहा मिनिटांत तो परत आला. सोबत हात जोडलेलं चित्र होतं.

तिचा चुलतभाऊ धम्मदीप नवलाख उंबरे गावाजवळ एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला हे कळलं तसा तो दुसऱ्याच दिवशी तिला वडगावला एका ओळखीच्या वकिलांकडे घेऊन गेला. वकिलांनी बाजीरावांच्या वेळचा भाड्याचा कागद उलगडून वाचला. 'सदर जागेबद्दल दर साल वैशाखी पौर्णिमेस रुपया एक, सोळा आण्यांचा, देत जाईन. देत आहे तोवर जागा वस्तीकडे राहील.' खाली अमृतच्या पणजोबांची, रखमाजींची सही आणि शेजारी बाजीरावांचं वाकडंतिकडं नाव.

"रजिस्टर केलेला नाही," वकील म्हणाले, "पण सदुसष्ट वर्षांचा ताबा आहे. सहजासहजी कोणी उठवू शकत नाही. कोर्टात गेलात तर बहुतेक जिंकाल. आठ-दहा वर्षं जातील एवढंच."

"पण तो म्हणतो, रुपयाला अर्थ नाही," रेणुका म्हणाली.

"कायद्याला चालतो. नाममात्र भाडं म्हणतात त्याला. नुसती खूण असते ती."

धम्मदीपचं समाधान झालं. गाडीत बसता बसता तो म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? नोटीस टाकू सरळ." रेणुका खिडकीबाहेर बघत होती. नाममात्र हा शब्द तिला आवडला नव्हता. आजोबांना तिने पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्याबद्दल जे ऐकलं होतं त्यात नाममात्र असं काहीच बसत नव्हतं.

"थोडं थांब," ती म्हणाली. "मी आधी झुंबरआजींना भेटून येते."

झुंबरबाई म्हणजे अमृतची आजी. वय ब्याऐंशी. जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून तिचंच नाव होतं, आणि पार्टीच्या कागदांवर तिची सही व्हायची बाकी होती. दोन वर्षांमागे तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा रेणुका सुट्टीला आली की तिच्या डोळ्यांत औषध घालून जायची. त्यामुळे जाणं-येणं होतं.

रविवारी सकाळी रेणुका गेली, तेव्हा म्हातारी मागच्या अंगणात जुन्या लुगड्यावर आंबोशी वाळत घालत होती. रेणुका शेजारी बसली आणि कैरीच्या फोडी पसरू लागली.

"अमृतनं रुपया घेतला न्हाई म्हनं," झुंबरबाईच म्हणाली.

"व्हय."

"तुज्या आज्यानं पयला रुपया कुटनं आनला, ठावं हाय का तुला?"

"न्हाई आजी." आजीशी बोलताना रेणुकाची भाषा आपोआप बदलायची.

"कामशेताला. तितं ठेसनावर गवताचे भारे वॅगनीत भरायचं काम हुतं. दिस उगवल्यापास्नं मावळंपतुर भारे भरले की बापयाला रुपया मिळायचा. त्या येका कामासाटी त्यो हितनं चालत गेला, येक दिस भारे भरले, आन् दुसऱ्या दिशी रुपया घिऊन चालत मागारी आला. मी नवी नवरी हुते. दारातनं बगितलं म्या. हातांस्नी चिरा पडलेल्या. मामंजींनी रुपया उलटापालटा करून बगितला. त्याच साली नवं पैसं निगालं हुतं, मानसं गोंधळलेली. मामंजी म्हनलं, ह्यो सोळा आन्याचा का शंभर पैशाचा? तुजा आजा म्हनला, सोळा आन्याचा लिवा."

रेणुका हसली. कागदावरच्या त्या शब्दांचं तिला नेहमी नवल वाटायचं.

"पर रखमाजीआबांनी भाडं लावलंच कशाला? माळ तर नुसता खडकाळ हुता, कुनाला नको असल्याला."

"त्यांनी कुटं लावलं?" म्हातारीने हातातली फोड खाली ठेवली. "मामंजी म्हनलं हुतं, पैका नको. जागा घ्या. फकस्त वर्साला हुळीची लाकडं आनून द्या, आन् कुनाकडं मयत झाली तर गावोगाव सांगावा घिऊन जावा, पैल्यापरमानं. तुमच्या मानसांनी दसऱ्याला धम्म घेतला, आन् त्येच्यामागं ही समदी कामं सोडली हुती. गावाला त्येचा राग हुता. मामंजींना वाटलं, जागेच्या निमतानं कामं परत सुरू व्हतील. तर तुजा आजा म्हनला, आबा, ते आता न्हाई. भाडं सांगा."

"मग?"

"मामंजी दोन दिस कुनाशी बोललं न्हाईत. तिसऱ्या दिशी त्येला बोलावलं आन् म्हनलं, आरं, पैका दिऊन तुला काय मिळनार? तवा त्यो म्हनला, आबा, काम केलं की त्येचा शेवट नसतो. उद्या परत सांगाल, परवा परत सांगाल. रुपया दिला की त्या दिशी मिटतं. तुमी तुमच्या वाटंनं, आमी आमच्या." झुंबरबाईने डोळे किलकिले केले. "मला तवा कळलं न्हाई. पर ध्यानात राहिलं. बायामानसाला कदी कुनी असा रुपया दिला न्हाई न्हवं, म्हनून राहिलं असंल."

विहाराच्या ओसरीत लावलेला आजोबांचा फोटो रेणुकाने शेकडो वेळा पुसला होता. त्या माणसाने रुपयात काय पाहिलं होतं, ते तिला आज पहिल्यांदा कळत होतं. पिढ्यान्पिढ्यांची जी कामं मोजता येत नव्हती, संपतही नव्हती, त्यांच्या जागी त्याला मोजता येईल आणि संपेल असं काहीतरी हवं होतं.

"मग आजी, अमृतला तुमी हे सांगा की. त्याला वाटतं रुपयाला अर्थ न्हाई."

"त्येचं खोटं न्हाई," म्हातारी शांतपणे म्हणाली.

रेणुकाने तिच्याकडे पाहिलं.

"रागावू नगंस. तुज्या आज्याचा रुपया दिसभराचा हुता. तुज्या बापानं आनला त्यो कसला? खिशातनं काडला आन् दिला. तुमी देत ग्येला, आमी घेत ग्येलो. माज्या मालकांनी त्यो वाडवायचं कदी काडलं न्हाई, माज्या ल्येकानं कदी काडलं न्हाई, आन् तुमीबी कदी इचारलं न्हाई. खरं बगाय ग्येलं तर लय वर्सं झाली, ती जागा तुमाला फुकट दिल्यागतच हाय. अमृतला त्येच दिसतं. आन् फुकट दिल्यालं हाय असं वाटलं, की मानूस मागारी मागतं."

रेणुका उठून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो कोणावर हे ठरवता येत नव्हतं. वडिलांवर तिला रागावायचं नव्हतं. ते धुतलेला सदरा घालून, टोपी सारखी करून रुपया द्यायला जायचे, जणू मोठी रक्कम घेऊन चाललेत. पण म्हातारी म्हणत होती त्यात तिला खोट सापडेना. जे आजोबांनी नाकारलं होतं, तेच त्यांच्या माणसांनी नकळत घ्यायला सुरुवात केली होती. उपकार.

"येते आजी," ती म्हणाली.

"फोडी मीठ लावून ने चार," म्हातारी म्हणाली. रेणुका नको म्हणाली, आणि वाटेत तिला त्याचं वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी वस्तीची माणसं विहारात जमली. रेणुकाने झुंबरबाईने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, आणि मग म्हणाली, "आपण भाडं बाजीरावांनी दिलं तेवढं द्यायचं. एका माणसाची एका दिवसाची मजुरी. आज जी असेल ती."

धम्मदीप लगेच म्हणाला, "कागदावर रुपया आहे. कायदा आपल्या बाजूनं आहे. स्वतः होऊन जास्त दिलं की कागद बदलला. उद्या तो म्हणेल, बाजारभावानं द्या. मग काय करशील?"

"बाजारभाव म्हणाला तर नाही म्हणू. बाजारभाव बाजीरावांनी दिलाच नव्हता. एक दिवस दिला होता."

"आणि तो हेही घेणार नाही म्हणाला तर?"

"तर तू म्हणतोस तशी नोटीस टाकू. पण मग कोर्टात उभं राहताना मला बरं वाटेल."

थोडी कुजबुज झाली. भिंतीला टेकून बसलेली सरूबाई, सत्तरीची, अजूनही भातलावणीला जाणारी, म्हणाली, "कुनाचा दिस धरायचा? बापयाला सहाशे हाय. आमाला साडेतीनशे. वाकून वाकून कंबर आमचीच मोडती." बायका हसल्या. "माजी सासूबी ग्येलती कामशेताला भारे भरायला. तिला आट आने मिळायचे."

"जो जास्त असेल तो धरू," रेणुका म्हणाली.

"मंग सहाशे. पर कागदावर 'मानूस' लिवा, 'बापय' लिवू नगा. उद्या आमचाबी तेवडा झाला तर?"

घरटी पन्नास-पन्नास काढायचं ठरलं. धम्मदीपने सर्वांत शेवटी पैसे ठेवले. "देतो," तो म्हणाला, "पण मी नको म्हणालो होतो, हे कुठंतरी लिहून ठेवा." रेणुकाने वहीत ते खरंच लिहिलं, आणि त्याला वाचून दाखवलं. तो समाधानाने मान हलवून चपला शोधू लागला.

नवा कागद स्टॅम्प पेपरवर टाइप करून घेऊन रेणुका अमृतकडे गेली, तेव्हा जून लागला होता. आभाळ भरून आलेलं, पण पडत काही नव्हतं. अमृत ओट्यावर तंबूंचे दोर गुंडाळत होता. रेणुकाने सहा नोटा आणि कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सरळ सांगितलं. त्याने कागद दोनदा वाचला.

"सहाशे," तो म्हणाला.

"यंदा सहाशे. पुढं मजुरी वाढेल तसे."

"ताई, त्या रस्त्याच्या तोंडासाठी पार्टी मला चाळीस लाख जास्त देत होती. पक्क्या आठ खोल्या बांधायच्या होत्या मला. तंबू वाऱ्यानं फाटतात दर साली." त्याचा आवाज चढला नव्हता. "सहाशे घेऊन मी काय करू?"

"ते मला नाही सांगता येत," रेणुका म्हणाली. "आम्हाला उपकार नको, एवढंच मी सांगायला आले. आम्ही भाडेकरू आहोत. भाडेकरूसारखं राहायचंय."

प्रेरणाने चहा आणला. तिच्यामागून भिंतीला धरत धरत झुंबरबाई बाहेर आली आणि उंबऱ्याशी बसली. "वाच," ती रेणुकाला म्हणाली.

रेणुकाने वाचलं. 'दर साल वैशाखी पौर्णिमेस, गावात चालू असलेल्या एका माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीइतके रुपये भाडे म्हणून देत जाऊ. देत आहोत तोवर जागा वस्तीकडे राहील.'

"बराबर हाय," म्हातारी म्हणाली. "पेन दे."

"आजी," अमृत म्हणाला.

"जागा माज्या नावावर हाय अजून. मी ग्येले की तुज्या मनासारकं कर, पर हा कागद तवाबी असंल."

तिला सही प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकवलेली होती. एकेक अक्षर पाडत तिने नाव लिहिलं. अमृतने तिला अडवलं नाही. तिची सही पुरी झाल्यावर तो उठला, अर्धा चहा तसाच ठेवून दोरांचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, आणि उतारावरून धरणाच्या काठाकडे चालू लागला. रेणुका त्याच्याकडे बघत राहिली. आपलं काम झालं याचा आनंद तिला व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्याच्या पाठीकडे बघून तिला वाईट वाटत होतं.

महिन्याभरात धम्मदीपने खटपट करून कागद वडगावला रजिस्टर करून घेतला. पार्टीने मागची जागा घेतली, पण रस्ता त्यांना ओढ्यावर मोरी टाकून पलीकडून काढावा लागला आणि त्यांनी भाव तेवढा पाडला. अमृतच्या आठ खोल्यांच्या चार झाल्या. पावसाळाभर तो वस्तीतल्या कोणाशी कामापलीकडे बोलला नाही. विहारावरून जायची वेळ आली तर गाडीचा वेग कमी करायचा नाही. रेणुका भाताच्या कापणीला गावी आली, तेव्हा तो समोरून येताना दिसला. तिने थांबून विचारलं, "खोल्यांचा स्लॅब झाला का?" त्याने नुसतं "झाला" म्हटलं आणि पुढे गेला. पण थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं.

वैशाख पुन्हा आला. पौर्णिमेच्या दुपारी रेणुका सहाशे रुपये पाकिटात घालून त्याच्या घरी गेली. झुंबरबाई आतल्या खोलीत पडून होती, आता ती फारशी उठत नव्हती. रेणुका तिच्याजवळ बसून आली, नाडी बघून आली. बाहेर अमृत नव्या खोल्यांच्या चाव्या रंगीत दोऱ्यांत ओवत होता. तिने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने पैसे बाहेर काढले आणि तिच्याकडे बघितलं. "गेल्या लावणीला रोज साडेसहाशे झाला," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"सरूमावशी. तिची टोळी मीच लावली होती ना कामाला. भांडून घेतले तिनं. बायकांनाही चारशे घेतले."

रेणुकाने स्वतःच्या पर्समधून पन्नासाची नोट काढून वर ठेवली. चूक तिची होती, तिने विचारायला हवं होतं, आणि तो ते मागतोय याचं तिला मनातून बरं वाटलं. अमृतने कॅम्पच्या बिलाचं पुस्तक ओढलं, 'जागेचे भाडे, एक दिवस, रु. ६५०' असं लिहून सही केली आणि पावती फाडून तिच्या हातात दिली.

ती उठणार तेवढ्यात तो म्हणाला, "तीन गुंठ्यांतला, विहाराच्या मागचा दगडी बांध फुगलाय. बघितला का तुम्ही?"

"नाही. मी आजच आले."

"एका चांगल्या पावसात खाली येईल. वाचनालयाच्या भिंतीवर येईल तो." त्याने चाव्या बाजूला सारल्या. "परवा दोन माणसं लावतो मी."

"आम्ही वस्तीतून वर्गणी काढू. माणसांचा रोज आम्ही देऊ," रेणुका म्हणाली.

"तुम्ही कशाला देताय?" अमृत म्हणाला. "जागा माझी आहे. बांध मालकानं घालायचा असतो."

त्याने पायात चपला घातल्या आणि तो ओट्यावरून खाली उतरला. नेमका कुठून फुगलाय ते दाखवतो म्हणाला. दोघं चढ चढू लागले. वाटेत अमृतने विचारलं, दगड बेडशाच्या बाजूने आणावेत की इथलेच वापरावेत. रेणुकाला दगडातलं काही कळत नव्हतं, पण तिने विचार करून सांगितलं, इथलेच बरे.